कापूस आपला, कमाई कोणाची?

"आपल्या लोकांना धंदाच जमत नाही, म्हणून विदर्भ मागे." परवा टपरीवर पुन्हा हेच ऐकलं. मला नाही पटत भाऊ.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. १८६७ मध्ये नागपुरात रेल्वे आली, मग खामगाव-अमरावतीला फाटे निघाले. ते गाठी मुंबई बंदरात न्यायला! पीक नगदी झालं, पण १८९९-१९०० च्या दुष्काळात याच कापसाच्या मुलखात माणसं भुकेनं मेली.

जमशेटजी टाटांनी गणित उलटं मांडलं. गिरणी मुंबईत नको, कापसाजवळ हवी. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भर टाकून १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. सूत काढायला नव्या रिंग चात्या आणल्या. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड, १८९५ पासून अपघाताची भरपाई. भरपाईचा कायदा सरकारनं केला १९२३ मध्ये! आणि ती यंत्रं चालवणारे कोण? आपलेच लोक ना?

शेतकऱ्याचं भलं गिरणीनंही फारसं केलं नाही, हेही खरं. तो कच्चा मालच विकत राहिला. पण सूत-कापडाची मजुरी तरी नागपुरात राहिली, इतवारीच्या दुकानांत फिरली.

२००२ मध्ये मिल बंद झाली. आता तिथं एम्प्रेस सिटी मॉल आहे. मागच्या रविवारी तिथं एक सुती टी-शर्ट उलटून पाहिला. लेबलवर लिहिलं होतं, तिरुपूर.