बिग ब्रदरचे पूर्वज

दोघे कुठे आडोशाला बसून कुजबुजत असले, तरी तिथे तिसरा वरुण असतोच, असं अथर्ववेदाचं चौथं कांड मानतं. त्याचे हेर हजार डोळ्यांनी पृथ्वी न्याहाळतात, माणसांच्या पापण्यांची उघडझापही त्याने मोजलेली असते आणि खोटं बोलणाऱ्यासाठी पाश तयार असतो. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीतल्या, सतत पाळत ठेवणाऱ्या बिग ब्रदरचं हे एक फार जुनं रूप. थेट वारसा मात्र बायबलचा. तिथे १३९ व्या स्तोत्रातल्या भक्ताला स्वर्गात, पाताळात, अंधारातही देवापासून लपता येत नाही.

हा डोळा देवाकडून माणसाच्या हाती आला तो एका तुरुंगाच्या आराखड्यातून. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमने १७९१ मध्ये पॅनॉप्टिकॉनची योजना छापली. गोल इमारत, कडेने कोठड्या, मधोमध निरीक्षकाची जागा. कैद्याला निरीक्षक दिसत नाही. त्यामुळे निरीक्षक जागेवर नसला तरी धाक तेवढाच राहतो. बेंथॅमने बोधवाक्यासाठी याच १३९ व्या स्तोत्राकडे धाव घेतली होती. आपण कुणाची जागा भरतो आहोत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढे रशियन लेखक येवगेनी झाम्यातिनने १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' लिहिली. काचेची घरं, सर्वसत्ताधीश 'उपकारकर्ता', आणि ज्यांची तुलना निवेदक स्वतःच देवदूतांशी करतो असे पाळतदार. ऑर्वेलने १९४६ च्या जानेवारीत या कादंबरीवर लेख लिहिला. '१९८४' आली १९४९ मध्ये. तिच्यात गोल्डस्टाइन हा सैतान आहे, रोजचा सामुदायिक द्वेष ही प्रार्थना आहे, छळकोठडीत कबुलीजबाब आहे. छळ करणारा ओब्रायन तर स्वतःला सत्तेचा पुरोहित म्हणवतो. बिग ब्रदर प्रत्यक्ष कुणालाच भेटत नाही.

पण ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला वसिष्ठ त्याच वरुणाला जवळच्या सख्यासारखा विचारतो, माझं चुकलं तरी काय? मग तो पाश सोडवायची विनवणी करतो. स्तोत्रातला भक्तही शेवटी आपलं मन तपासून बघ, अशी देवालाच गळ घालतो. त्या नजरेत धाक होता, तसा आसराही होता. ऑर्वेलच्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर मात्र तिचा नायक विन्स्टन याला आपले सगळे अपराध माफ झाल्याचं, आत्मा बर्फासारखा शुभ्र झाल्याचं दिसतं, आणि त्याच दिवास्वप्नात मागून डोक्यात गोळी शिरते. आधुनिक सत्तेने देवाचा डोळा तेवढा घेतला, त्याची करुणा घेतली नाही, हे इतक्या निष्ठुरपणे दुसऱ्या कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. '१९८४' वाचलेल्यांनी वसिष्ठाची ती वरुणसूक्तं जरूर वाचावीत. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचं ऋग्वेदाचं मराठी भाषांतर त्यासाठी हाताशी आहे.