हुंडी आणि पेढीची पत

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांच्या माळ्यावर जुन्या चोपड्यांबरोबर मोडी अक्षरांतील पिवळ्या पडलेल्या हुंड्या सापडतात. तरुण मंडळी त्यांस रद्दी समजतात. परंतु त्या कागदांवर आपल्या पूर्वजांची अब्रू तोलली जात असे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एका पेढीने परगावच्या पेढीस ‘अमुक रक्कम द्यावी’ म्हणून लिहिलेला कागद म्हणजे हुंडी. दर्शनी हुंडीचे रुपये ती दाखविल्यावर द्यावे लागत. मुदती हुंडीस ठरलेल्या दिवसांची सवड असे. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून ‘रुपये १०००, निमे पाचशे, त्यांचे दुप्पट’ असे लिहीत. शाहजोग हुंडीचे रुपये बाजारात ओळख असलेल्या प्रतिष्ठित असामीसच मिळत. म्हणजे देणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्याचीही पत पाहिली जाई.

हुंडी हातोहात फिरे व तिच्याबरोबर लिहिणाराचे नाव फिरे. ज्याच्या हुंड्या बिनबोभाट पटत, त्याचा कागद थोड्या वटावात खपे. ज्याची हुंडी न पटता परत येई, त्याच्या नावाची कुजबुज साऱ्या पेठेत होई. ही नामुष्की टळावी म्हणून काही जण सोबत जिकरी चिठ्ठी देत. हुंडी न सकारली गेल्यास त्याच गावच्या दुसऱ्या सावकाराने ती भरावी, अशी तीत विनंती असे. १८८१ च्या कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढी सामान्यतः कायम ठेविल्या.

या व्यवहारास दुसरी बाजूही होती. ओळखीवाचून पत नाही, म्हणून होतकरू परंतु अनोळखी माणसास पेढीचे दार सहसा उघडत नसे. हा दोष आपण मान्य केला पाहिजे.

आमचे आजोबा बार्शीस अडतीचा धंदा करीत. एकदा मुदती हुंडी भरण्याचा दिवस उजाडला, आणि मुंबईहून यावयाची रक्कम आली नाही. समोरचा सावकार भला. दोन दिवस थांबण्यास तो तयार होता. आजोबांनी सवड घेतली नाही. आजीने न बोलता हातांतील पाटल्या उतरवून दिल्या व दिवेलागणीपूर्वी हुंडी पटली. गहाण पडलेल्या त्या पाटल्या पुढे सुटल्या नाहीत. आजीचे मोकळे हात आम्ही लहानपणी पाहिले आहेत. पाटीवर नाव आजोबांचे होते. ते राखले आजीने. आमच्या वंशवृक्षात मात्र तिचे नावही लिहिलेले नाही.

१९८८ च्या दुरुस्तीने खात्यात पुरेशी रक्कम नसता दिलेला चेक न वटणे हा गुन्हा ठरला. आजोबांस मात्र तुरुंगाचे भय नव्हते. उद्या पेठेत कोणत्या तोंडाने बसावे, एवढीच चिंता होती.

ज्ञातिबांधवांनी घरच्या हुंड्या रद्दीत न घालता जपाव्यात, आणि त्या कोणाच्या दागिन्यांवर पटल्या हे घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारून लिहून ठेवावे, इतकीच विनंती.