चाळींतील हवा आणि साडेत्रेसष्ट अंश

बदलापूरच्या शिरगावात आमचे बिऱ्हाड आहे. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत! तिकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका इकडे आम्हांला लागतो. गोष्ट हसण्यावारी न्यावी अशीच. पण इतिहास शिकविणाऱ्या माणसाला त्या दोन भिंतींमधले अंतर पाहिले की जुनी मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही.

१८९६ चा सप्टेंबर महिना. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि शहरात हाहाकार उडाला. त्या वेळच्या चाळी कशा होत्या? एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. तिथेच चूल, तिथेच बाळंतीण, तिथेच आजारी म्हातारा. खिडकी असलीच तर ती उघडायची हाऊसगल्लीवर, म्हणजे दोन चाळींमधल्या घाणीच्या बोळावर. ती बंद ठेवलेलीच बरी, असेच घरची माणसे म्हणत.

रोग कोंदट हवेतून आणि घाणीतून उपजतो, अशी सरकारी अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून उजेड आत यावा यासाठी घरांची कौले काढली गेली आणि राहण्यास अयोग्य अशा घरांवर तशी अक्षरे रंगविली गेली. १८९८ साली तर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाचे स्वतंत्र मंडळच स्थापन झाले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्यानेच काढले. पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत शिरावा, हा त्यामागचा एक हेतू होता.

गंमत अशी की, त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवून दिले. म्हणजे प्लेगाच्या बाबतीत हवेवरचा आरोप खोटा ठरला. मग ट्रस्टची सारी खटपट वायाच गेली म्हणायची का? तसे नाही. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच शोधले होते. रोगी खोकला की हे जंतू बंद खोलीतल्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात आणि उन्हाने मरतात. कारण चुकले होते. पण उपाय एका दुसऱ्याच शत्रूवर लागू पडणारा होता!

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेडावर आणि हवेवर एक व्याख्यानच दिले. साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा ट्रस्टचा नियम त्यांनी आग्रहाने मांडला. गणित सोपे आहे. समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नसावी. वीस मीटर उंची, तर दहा मीटर अंतर. असे असेल तरच तळच्या खोलीला आकाश दिसते.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. ट्रस्टने जुन्या खोल्या पाडल्या, पण तितक्या नव्या वेळेवर बांधल्या नाहीत. घर गेलेली गरीब माणसे शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली. हवा मिळाली ती रस्त्याला. त्यांच्या वाट्याला मात्र पुन्हा कोंदटपणाच आला.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींची पाहणी प्रसिद्ध केली. जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तिथे खालच्या, उजेड-वारा नसलेल्या मजल्यांवर क्षय अधिक आढळला. सातेक मजल्यांच्या त्या इमारतींमध्ये अंतर किती, तर जेमतेम तीन मीटर! ऑरसाहेबांच्या हिशेबाने तेवढ्या अंतरात दुमजली घरच बसते. झोपडीतून ‘पक्क्या’ घरात आलेल्या माणसाला आपण भिंती दिल्या, पण श्वास दिला नाही, असेच म्हणावे लागेल.

आता आमच्या बदलापूर-अंबरनाथकडे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. घर घेताना आपण चौरस फूट मोजतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतो. त्याबरोबरच तळमजल्यावरच्या खिडकीत उभे राहून आकाश दिसते का, तेही पाहावे. न दिसले तर बांधणाऱ्याला आणि नगरपालिकेला तसे विचारावे. आणि जी खिडकी आहे, ती सामान रचून बुजवू नये. आमची मी रोज उघडतो. ठसका लागला तरी!