अनुक्रमाची स्मृती : लॅशली यांचा प्रश्न

कार्ल लॅशली यांनी १९४८ साली हिक्सन परिसंवादात वाचलेला व १९५१ साली प्रसिद्ध झालेला अनुक्रमविषयक निबंध भाषाशास्त्रज्ञांनी अर्धाच वाचला, असे म्हणावे लागते. वाक्यरचनेसंबंधीचा भाग त्यांनी उचलला. मेंदूसंबंधीचा शरीरशास्त्रज्ञांवर सोपविला. ‘रस’ आणि ‘सर’ यांत वर्ण तेच, क्रम तेवढा उलटा. एक उच्चार पुढच्यास चेतवितो ही साखळीची उपपत्ती खरी मानली, तर अकारानंतर कोणता वर्ण यावा हे कसे ठरते? क्रम वर्णांबाहेरील योजनेत असला पाहिजे, असे लॅशली यांचे प्रतिपादन होते. ही योजना मेंदूत कशी नांदते, हे दाखविण्याचे साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

त्यांचेच शिष्य डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली पेशीसंघाची कल्पना मांडली. खूण दिसेनाशी झाल्यावरही माकडाच्या पूर्वललाट-प्रांतातील मज्जापेशी क्रियाशील राहतात, हे १९७१ साली फुस्टर व अलेक्झांडर यांना आणि स्वतंत्रपणे कुबोटा व निकी यांना आढळले. परंतु नोंद एकेका पेशीची होती. अनेक गोष्टींना एकदम प्रतिसाद देणारी पेशी ही तर अडचणच वाटे. अशी सरमिसळच लवचीक निर्णयास उपकारक ठरते, हे रिगोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माकडांनी क्रमाने दाखविलेल्या जागा लक्षात ठेवल्या. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या जागेसाठी पेशीसमूहाच्या क्रियेचे जवळजवळ स्वतंत्र विन्यास आढळले. पुष्कळ पेशी मात्र एकाहून अधिक विन्यासांत सहभागी होत्या. माकडाच्या जागा म्हणजे वर्ण नव्हेत, हे उघडच आहे. तथापि लॅशली यांना अभिप्रेत असलेली वस्तुनिरपेक्ष योजना येथे मोजता आली.