दोन गुरुजींची शाळा, दहा शाळांचा संघ

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. आज मी ज्या प्रयोगाविषयी बोलणार आहे तो त्याच्याही पाच वर्षे आधीचा, म्हणजे हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव हा सारा भाग परभणी जिल्ह्यात होता तेव्हाचा. शाळांना एकमेकींच्या साथीने काम करायला शिकवण्याचा तो प्रयोग. संघ म्हटला की आपल्याला कबड्डी किंवा खो-खोचा संघ आठवतो. त्याला सराव लागतो, मार्गदर्शक लागतो, हे कुणाला सांगावे लागत नाही. पण मुलांना शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंचाही संघ असू शकतो आणि त्यालाही सराव लागतो, हे आपल्याकडे फार उशिरा ध्यानात आले.

मराठवाड्यात शिक्षकाचे एकटेपण जुने आहे. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि खेड्यापाड्यांत मराठी शाळा विरळ होत्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा भराभर वाढल्या, पण त्यांतल्या कितीतरी एकशिक्षकी होत्या. एक गुरुजी, चार इयत्ता आणि एक खोली. खोली नसली तर मारुतीचे देऊळ. शाळेत बाहेरून कुणी यायचे तर ते तपासणीचे साहेब. ते हजेरीपट पाहत, मुलांना पाढे विचारत, शेरा लिहीत आणि जात. एखाद्या वर्गाला भागाकार का जमत नाही, हे बोलायला गुरुजींना दुसरे माणूसच नसे.

या दुखण्यावर पहिल्यांदा नेमके बोट ठेवले ते कोठारी आयोगाने. हा आयोग १९६४ साली नेमला गेला आणि १९६६ साली त्याने अहवाल दिला. अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी आणि सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले. आयोगाची सूचना साधी होती. जवळपासच्या दहाएक लहान प्राथमिक शाळा एका मोठ्या शाळेशी जोडाव्यात आणि त्या साऱ्यांनी मिळून कामाची आखणी करावी. वाचनालय, प्रयोगाचे साहित्य वाटून वापरावे आणि शिक्षकांनी वरचेवर एकत्र बसावे. शाळा आपापल्या गावातच राहतील, फक्त त्यांचे एकटेपण मोडेल, असा त्यामागचा विचार होता. याला त्यांनी शाळासंकुल म्हटले. कल्पना चांगली होती, पण ती पुढे बराच काळ कागदावरच राहिली.

मध्यंतरी १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत, असे तिचे उद्दिष्ट होते. दुसरे शिक्षक आले आणि गुरुजींना निदान एक सोबती मिळाला. मग १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डीपीईपी’ या नावाने तो शिक्षकांच्या तोंडी बसला. जिथे स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी होती, असे जिल्हे त्यासाठी निवडले गेले. महाराष्ट्रातले पहिले पाचही जिल्हे मराठवाड्यातले होते: तेव्हाचे औरंगाबाद आणि उस्मानाबाद, शिवाय लातूर, नांदेड आणि आपला परभणी. त्याच वर्षी राज्य शासनाने केंद्रशाळांची रचना केली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख. राज्यभरात अशी ४,८६० केंद्रे ठरली. जे. पी. नाईकांचे निधन १९८१ साली झाले; हे पाहायला ते नव्हते.

केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी महिन्यातून एक दिवस एकत्र यायचे, याला गटसंमेलन म्हणत. पुढे शिक्षण परिषद हे नाव रुळले. अशा काही संमेलनांना मी श्रोता म्हणून बसलो आहे. बरीचशी सूचना वाचण्यात संपत. पण एखादे वेगळे निघे. अशाच एका संमेलनात एका बाईंनी वजाबाकीचा पाठ घेतला. बावन्नातून अडतीस वजा करायला सांगितले, तर निम्म्या मुलांनी उत्तर काढले सव्वीस. पाठीमागे बसलेल्या शिक्षकांपैकी एकाने मुलांच्या पाट्या जवळून पाहिल्या आणि त्याच्या ध्यानात आले की मुले हातचा विसरत नव्हती. ती सरळ मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करत होती: आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. मग चर्चा रंगली. काड्यांच्या जुड्या आधी द्याव्यात की नाणी-नोटा? जुडी सोडण्याची कृती मुलाने स्वतः करेपर्यंत पाटीवरचे गणित थांबवावे का? बाईंवर कुणी टीका केली नाही. सगळे बोलत होते ते मुलांच्या चुकीबद्दल. संघाला शिकवणे म्हणतात ते मला तिथे दिसले.

जपानमध्ये ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. चार-सहा शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एकजण तो वर्गात घेतो आणि बाकीचे मुलांकडे लक्ष ठेवून बसतात. नंतर पाठ दुरुस्त होतो आणि दुसरा कुणी तो पुन्हा घेतो. स्टिग्लर आणि हीबर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ साली त्यावर लिहिले आणि जगाचे तिकडे लक्ष गेले. त्याच सुमारास आपल्याकडे महिन्याचा एक दिवस आणि दहा शाळांचा गट तयार होता. कमी पडले ते दुसरेच काही.

केंद्रप्रमुख हा सोबती व्हावा, अशी अपेक्षा होती. तो हळूहळू माहिती गोळा करणारा झाला. तक्ते, प्रपत्रे, पोषण आहाराचा हिशेब, पुढे ऑनलाइन नोंदी. त्यातच पदे रिकामी राहू लागली आणि एकाच्या गळ्यात दोन-तीन केंद्रे पडली. २०२३ साली विभागीय परीक्षेतून भरण्यासाठी जाहीर झालेली पदेच २,३८४ होती, यावरून काय ते समजावे. तीस शाळांचा भार असलेला माणूस वर्गात मागे बसून पाट्या केव्हा पाहणार?

तरीही हे जमते, याचा दाखला सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटने दिला. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. एका शाळेत साधलेले दुसऱ्या शाळेने पाहावे, अशी सवय लावली. पुढे राज्यभरातले शिक्षक ते पाहायला तिथे जाऊ लागले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमामागे त्या कामाची प्रेरणा होती.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोठारी आयोगाचा दाखला देऊन शाळासंकुलाची कल्पना पुन्हा मांडली. २०२३ साली मात्र राज्यात ‘समूह शाळा’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने पुढे आला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. त्यांतली मुले एका मोठ्या शाळेत आणावीत, असे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले. कारण देण्यात आले ते हेच, की लहान शाळेत मूल एकटे पडते. एकटेपणाचे हे निदान मला मान्य आहे, पण औषधे दोन आहेत. एकात गुरुजी दुसऱ्या शाळेकडे जातात, दुसऱ्यात पहिलीचे पोर. पावसाळ्यात कयाधूचे ओढे भरून वाहतात तेव्हा पोराला ओलांडायला लावण्यापेक्षा गुरुजींनी महिन्यातून एकदा ओलांडलेला बरा.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तीत पालक बहुसंख्य आहेत. या समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी भिंतीच्या रंगाबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी. आपल्या गुरुजींनी मागच्या शिक्षण परिषदेत कोणाचा पाठ पाहिला आणि त्यातून आपल्या वर्गात काय बदलले? उत्तर मिळाले तर गावची शाळा, पट कितीही असो, एकटी नाही असे समजावे. नाही मिळाले, तर शाळा बंद करण्याची भाषा ऐकण्याआधी ते उत्तर मागत राहावे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)