शाईचा विटाळ

आपला हा अंक सायक्लोस्टाइलवर निघतो. मागच्या अंकाच्या वेळी मी रात्रपाळी करून आलो आणि तसाच मशीनच्या दांड्याला भिडलो. दुपारपर्यंत हात मनगटापर्यंत काळे. चिंधीने पुसले, साबणाने घासले, पण नखातली शाई काही निघेना. आजी बघत होती. म्हणाली, "तुझ्या पणज्याच्या हाताचा ढोराचा वास असाच जायचा नाही. लई घासायचा गडी."

ती सहज बोलली. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. शाळा दहावीला सुटली, त्यामुळे जे वाचलं ते पाळी संपल्यावर, मिळेल तिथं. पण शाईच्या मागे लागलो आणि एक गोष्ट कळली. पणज्याच्या हातावरचं ढोर आणि माझ्या हातावरची शाई यांचं नातं फार जुनं आहे. छापखान्याचा इतिहास लिहिणारे ते सांगत नाहीत. म्हणून हा लेख.

छापायची शाई म्हणजे मुळात काय? काजळी आणि तेल. जवसाचं तेल कढवून घट्ट करायचं आणि त्यात काजळी घोटायची. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, म्हणून अक्षर कागदावर धरून राहतं. दगडावरची छपाई, म्हणजे लिथो, जर्मनीत सेनेफेल्डरने १७९६ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत शोधली. तिची सगळी युक्ती चिकटपणात आहे. दगडावर स्निग्ध शाईने लिहायचं आणि दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेला धरतं, शाई अक्षराला धरते. ही लिहायची शाई मेण, साबण, काजळी आणि जनावराची चरबी घालून करत.

चरबी! इथेच आपल्या देशात गाडी अडली.

मुंबईत गणपत कृष्णाजी नावाचा माणूस होता. जातीने भंडारी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात राहून त्याने काम डोळ्यांनी टिपलं आणि १८३१ साली स्वतःचा छापखाना घातला. शाई स्वतः करून पाहिली. पुढे टाइपही स्वतः घडवले. मराठीतलं पहिलं छापील पंचांग त्याने त्याच वर्षी काढलं. म्हणजे बामणाच्या तोंडून निघणारी तिथी भंडाऱ्याच्या यंत्रातून निघाली. पण कर्मठ ब्राह्मण छापील कागदाला शिवेनात. शाईत चरबी आहे, विटाळ होईल, अशी ओरड. ही ओरड इतकी टिकली की १८६३ साली 'मुंबईचें वर्णन' लिहिताना गोविंद नारायण माडगांवकरांनाही तिची नोंद घ्यावी लागली. यावर गणपत कृष्णाजीने तोड काढली. धर्माच्या पोथ्या छापायला त्याने तुपाची शाई केली, असं जुन्या नोंदींत सांगितलेलं आहे.

दोस्तहो, जरा थांबून विचार करा. त्या काळात लिथोच्या दगडावर शाई फिरवायचा जो रूळ असे, तो चामड्याने मढवलेला असे. टाइपाच्या छपाईत आधी चामड्याचे गोळे असत, नंतर सरस आणि काकवी यांच्या मिश्रणाचे रूळ आले. सरस कशाचा? कातड्याचा आणि हाडांचा. पुस्तकाच्या बांधणीला तोच सरस, पुठ्ठ्यावर तेच चामडं. शाईत तूप घातलं म्हणून पोथी शुद्ध झाली आणि रूळ कुणी विचारला नाही! विटाळ दिसेल तिथंच धरायचा असतो, नडेल तिथं नाही.

आणि ते ढोर ओढलं कुणी? कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं? महाराने, मांगाने, ढोराने, चांभाराने. ज्याला अक्षर शिकायची बंदी होती, त्याच्या हातून अक्षर छापायचं सामान तयार होत होतं. मी असं म्हणत नाही की आमच्या पणज्याने छापखाना काढला. एवढंच म्हणतो, की छापखाना आमच्या पणज्यावाचून चालला नसता, आणि पणज्याला त्यातलं एक पान वाचता आलं नाही.

आता पुण्यात या. इंग्रज सरकारचा इथं फोटोझिंको छापखाना होता. फोटोझिंको म्हणजे उजेडाने केलेली छपाई. १८३९ साली स्कॉटलंडच्या पाँटनला कळलं की पोटॅशियम डायक्रोमेट या नारिंगी क्षारावर उजेडाचा परिणाम होतो. १८५५ साली पॉयटेव्हिन या फ्रेंच माणसाने तो क्षार जिलेटिनसारख्या चिकट पदार्थात मिसळला. उजेड पडला तिथं तो थर कडक होतो आणि शाई धरतो. अंधारात राहिला तिथं कोमट पाण्याने धुऊन जातो. १८५९-६० च्या सुमारास इंग्लंडात साउदॅम्प्टनला नकाशे छापायला ही रीत वापरू लागले. कागदावर उमटलेली शाईची रेघ जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, की एकाच्या हजार प्रती.

पुण्याच्या फोटोझिंकोत गावोगावचे नकाशे छापले जात. सर्व्हे नंबर, बांध, ओढा, गावठाण. जमीन कुणाची, हे त्या रेघांनी ठरत गेलं. महाराच्या वतनाचा तुकडा त्यात किती आणि कुठे, हेही त्याच रेघांत. आणि ती रेघ धरणारं जिलेटिन पुन्हा हाडांचं आणि कातड्याचंच! आपल्याच ढोराच्या हाडांवर आपल्या बेजमिनीचा नकाशा उमटला. याहून सरळ भाषेत मला सांगता येत नाही. तो नारिंगी क्षारही वाईट. त्यात सतत हात घालणाऱ्यांच्या कातडीला खोल जखमा होतात, लवकर भरत नाहीत. नकाशावर मापणाऱ्या साहेबाचं नाव असतं. हात भाजणाऱ्याचं नसतं.

पण शाई फक्त त्यांच्याच हातात राहिली नाही. याच पुण्यात १ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला. सत्यशोधकांचं पत्र. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो १८८० पासून मुंबईतून चालवला आणि गिरणी कामगारांचं दुखणं त्यात छापलं. आज मी पाळी संपवून आठवड्याची सुट्टी घेतो, तिच्या मुळाशी लोखंडे आहेत. याच पुण्यात १९०८ साली शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' काढला. अस्पृश्य माणूस स्वतः संपादक झाला. मग ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा 'मूकनायक'. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले. आणि 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा त्याची साधी जाहिरात छापायला नकार दिला. हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. चरबीचा विटाळ तुपाने गेला. आमच्या नावाचा विटाळ रोख पैशानेही गेला नाही.

१९२७ चा मार्च आठवा. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, ही घाणेरडी कामं सोडा म्हणून सांगितलं. २० मार्चला तळ्याचं पाणी प्यायलं. आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक. पंधरा दिवसांत एका हाताने ढोर टाकलं आणि दुसऱ्या हाताने शाई उचलली. माझ्या दृष्टीने आपल्या इतिहासाचा सांधा इथं आहे.

पुढची गोष्ट यंत्राची. १८८१ च्या सुमारास लंडनमध्ये गेस्टेटनर नावाच्या हंगेरियन माणसाने सायक्लोस्टाइल काढलं. पातळ जपानी कागदावर मेणाचा थर, त्यावर बारीक दातेरी चाकाच्या लेखणीने लिहायचं. चाक मेण भेदत जातं आणि त्या भोकांतून शाई खालच्या कागदावर उतरते. टाइप नको, कंपोझिटर नको, छापखान्याचा मालक नको. ही शाई उडून वाळत नाही, कागदात मुरते. म्हणून सायक्लोस्टाइलला गुळगुळीत कागद चालत नाही, खरखरीत स्वस्त कागदच लागतो. गरिबाचा कागद आणि गरिबाची शाई, दोघांचं जमलं. सत्तरच्या दशकात आपल्या कितीतरी कविता याच मशीनमधून बाहेर आल्या. संपादकाने साभार परत केलेली कविता रात्रीत दोनशे प्रती होऊन वस्तीत पोचत होती.

मग आली पूड. न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ ला चेस्टर कार्लसनने शाईवाचून छापून दाखवलं. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर, तो रुमालाने घासून विजेने भारला. तारीख आणि गावाचं नाव लिहिलेली काच त्यावर ठेवून दिवा लावला. उजेड पडला तिथली वीज गेली, अक्षराखालची राहिली. वर बारीक पूड भुरभुरली, ती फक्त अक्षराला चिकटली. ती पूड मेणकागदावर घेऊन तापवली, झालं. हा कार्लसन न्हाव्याचा पोर. बाप आजारी, घरात दारिद्र्य. शाळकरी वयात छापखान्यात काम केलं आणि हौसेने स्वतःचं छोटं मासिक काढायचा खटाटोपही केला. म्हणजे आपल्यातलाच म्हणा! वीसेक कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. झेरॉक्सचं ९१४ नंबरचं यंत्र १९५९ साली बाजारात आलं. आजचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत पूड. उष्णतेने वितळून कागदाला बसते. त्यात चरबी नाही, तूप नाही, सरस नाही. शाईला जात राहिली नाही. आणि त्याच टोनरने आपण काय काढतो? जातीच्या दाखल्याची झेरॉक्स. दहा प्रती, सत्यप्रत म्हणून सही घ्यायला.

आता उजेडाने वाळणारी शाई आहे. अतिनील किरण पडले की तिच्यातले सुटे रेणू क्षणात एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि पातळ शाई टणक होते. छपाई सुंदर. पण न वाळलेली ती शाई कातडीला लागत राहिली तर खाज सुटते, फोड येतात, आणि एकदा अंगाला वावडं झालं की आयुष्यभर राहतं. आपला एक दोस्त अशा मशीनवर आहे. त्याला हातमोजे मागावे लागतात. डायक्रोमेट गेलं, हात तोच आहे.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय. शाई शुद्ध की अशुद्ध, जुनी की नवी, हा प्रश्नच नाही. ती कुणाच्या हातात आहे आणि तो हात सुखरूप आहे का, हा प्रश्न आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं, तेव्हा तिथला बुद्धभूषण प्रेसही मातीत गेला. आपण मोर्चे काढले, बरोबर केलं. पण त्याच्या आदल्या दिवशी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं की तो प्रेस काय आहे?

तेव्हा मित्रांनो, तीन कामं. एक, घराघरांत, पेटीत, माळ्यावर जुने अंक, पत्रकं पडली आहेत, ती मागून आणा. काजळीची शाई फिकी पडत नाही. कागद मात्र पिवळा पडून तुटतो. उशीर केला तर अक्षर शाबूत राहील आणि पान भुगा होईल. दोन, त्यांच्या झेरॉक्स काढाल तर मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. टोनर प्लॅस्टिकला चिकटून निघून येतो. कोऱ्या कागदात गुंडाळा, मागे पेन्सिलीने साल आणि गाव लिहा. तीन, यंत्र शिका. सायक्लोस्टाइल, ऑफसेट, डिजिटल, जे मिळेल ते. प्रत्येक वस्तीत एक तरी पोरगा, एक तरी पोरगी छापणारी हवी. आणि छापताना हातमोजे मागायला लाजू नका.

आजीला मी हे सगळं वाचून दाखवलं. तिने माझा हात उलटा करून नखं पाहिली. म्हणाली, "राहू दे काळी. ही काय ढोराची न्हाईत."

जय भीम.