संगणकाच्या भाषा : मुरलेल्या आणि वाढत्या

मुलाने संगणकाची कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न आज नागपुरातील अनेक पालकांपुढे आहे. त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

जावा, पीएचपी व जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषा १९९५ साली जगापुढे आल्या. पैकी जावा मोठ्या कामांत मुरली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यामागील यंत्रणेत जावाचा मोठा वाटा होता. एप्रिल २०१६ मध्ये ही संख्या १०० कोटींवर गेली.

फेसबुकचा आरंभ पीएचपीत झाला. व्याप वाढल्यावर चुका आधीच पकडता याव्यात म्हणून २०१४ साली त्या कंपनीने 'हॅक' ही भाषा काढली. जावास्क्रिप्टला २०१२ साली टाइपस्क्रिप्टची जोड मिळाली, तीही याच गरजेतून. उलट जावानेही २०१४ साली इतर भाषांतील सुटसुटीत लेखनाची पद्धत उचलली. म्हणजे तरुण भाषा शिस्त शिकल्या आणि मुरलेली भाषा लवचीक झाली.

विद्यार्थी मित्रहो, गणित व तर्क पक्के करून एक भाषा मुळापासून शिका. दुसरी मग जड जात नाही. पालकांनीही नव्या वर्गाची फी भरण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.